एकाच घराची बारोलो, तीन वेगळी वर्षं

पुण्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: बहीण तोरिनोला असते, तिने एकाच कौटुंबिक वाइनरीच्या बारोलोच्या, म्हणजे इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या लाल वाइनच्या, तीन बाटल्या आणून दिल्या. एक २०१४ ची, एक २०१६ ची, एक २०१७ ची. लेबल तेच, मळे तेच, करणारं घर तेच. इंटरनेटवरच्या व्हिंटेजच्या, म्हणजे तोडणीच्या वर्षाला गुण देणाऱ्या, तक्त्यांत मात्र २०१४ खाली, २०१६ अगदी वर आणि २०१७ मध्येच कुठेतरी. एका वर्षाच्या हवेने इतका फरक पडतो का, तक्त्यावर कितपत भरवसा ठेवायचा, आणि आधी कोणती बाटली उघडायची?

मी नाशिकच्या पट्ट्यात वाइनची द्राक्षं पिकवतो आणि वाइन करतो. उमेदवारीच्या काळात पिएमोंतेमधल्या लांगेच्या टेकड्यांवर एका कुटुंबाकडे तोडणीच्या हंगामात काम केलं आणि पुढेही तिकडे जाणं होत राहिलं. म्हणून उत्तर मळ्याच्या बाजूने देतो. फरक पडतो, आणि भरपूर पडतो. पण वर्षात एकूण किती पाऊस झाला किंवा किती ऊन पडलं, यावरून तो कळत नाही. पाऊस कोणत्या आठवड्यात आला आणि तेव्हा त्या घराने काय ठेवलं, काय टाकून दिलं, यावरून कळतो. तक्त्यात यातलं काहीच नसतं.

आधी या द्राक्षाचा स्वभाव. बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची होते. ही वेल फुटते लवकर, साधारण एप्रिलच्या सुरुवातीला, आणि पिकते सगळ्यांच्या शेवटी, पूर्वीच्या सवयीने ऑक्टोबरच्या मध्यावर. दोल्चेत्तो, बार्बेरा ही शेजारची द्राक्षं तळघरात जाऊन वाइन व्हायला लागलेली असतात, तरी नेब्बिओलो वेलीवरच असते. म्हणजे वसंतातली फूट जाळणारी थंडी तिला गाठू शकते, जून-जुलैची गारपीट गाठू शकते आणि शरदातला पाऊसही. एवढा लांब हंगाम उघड्यावर काढणारं द्राक्ष हवामानाची नोंद इतरांपेक्षा जास्त ठेवतं, यात नवल नाही.

नाशिकच्या बागायतदाराला एक गोष्ट लगेच समजेल. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते तेव्हा तिकडे तोडणी चालू असते. आपले मणी पिकतात जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे दिवसेंदिवस तापत जाणाऱ्या हवेत. साखर झपाट्याने भरते आणि आम्ही आंबटपणा टिकवायच्या मागे धावतो. लांगेत उलटं. तिथे द्राक्ष थंड होत जाणाऱ्या हवेत पिकतं. सप्टेंबरात दिवसा चांगलं ऊन आणि रात्री आल्प्सच्या बाजूने उतरणारा गारवा. रात्र थंड असली की मण्यातलं मॅलिक ॲसिड, म्हणजे आंबटपणा, जळून जात नाही, सालीतला सुगंध आणि रंग टिकतो, आणि बी व सालीतल्या टॅनिनला, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याला, पिकायला सवड मिळते. नेब्बिओलोत टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही मुळातच जास्त. त्यामुळे ही सवड मिळाली की नाही, यावर ती वाइन कडक आणि सुकी लागणार की वीस वर्षं उलगडत राहणार, हे ठरतं. चांगलं वर्ष म्हणजे माझ्या लेखी साखर आणि टॅनिन बरोबरीने पिकतील असं वर्ष. उन्हाचा उकाडा जास्त झाला की साखर पुढे पळते आणि टॅनिन मागे हिरवंच राहतं. गारठा आणि ओल जास्त झाली तर टॅनिन पिकायच्या आत कूज येते.

दुसरी मोठी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे ठिबक आहे. पाऊस हुकला तर वेळापत्रक आपल्या हातात असतं. बारोलोच्या बहुतेक मळ्यांत ठिबक नाही. वेल जगते ती जमिनीत मुरलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी येतं हिवाळ्यातल्या बर्फातून आणि वसंतातल्या पावसातून. तिथली जमीन चुनखडीमिश्रित चिकणमातीची, मार्लची. ती पाणी धरून ठेवते, पण सगळीकडे सारखं नाही. पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो गावांत माती तुलनेने मऊ, निळसर-राखाडी; तिथली वाइन सुगंधाने लवकर खुलते. पूर्वेकडच्या सेरालुंगा द'आल्बात माती जुन्या थरांची, जास्त चुन्याची आणि कणखर. तिथली वाइन वर्षानुवर्षं मिटून राहते. तेच ऊन या दोन उतारांवर पडलं तरी परिणाम दोन होतात. आता तक्त्याकडे बघा: अकरा गावं, दोन हजार हेक्टरांहून जास्त द्राक्षमळे, आणि सगळ्यांना मिळून एक आकडा.

२०१४ हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. त्या वर्षी जुलै थंड आणि पावसाळी गेला. डाऊनी या बुरशीच्या रोगाने जीव खाल्ला, फवारणीला जावं तर ट्रॅक्टर चिखलात रुते. काही उतारांवर गाराही पडल्या. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा सावरली आणि ज्यांच्या वेलींवर तोवर निरोगी घड शिल्लक होते, त्यांना बरे दिवस मिळाले. गंमत अशी की आल्बा शहराच्या पलीकडे, तासाभराच्याही आत पोहोचता येईल अशा बार्बारेस्कोच्या टेकड्यांवर त्याच उन्हाळ्यात पाऊस बराच कमी झाला. द्राक्ष तेच, नेब्बिओलो. तिथल्या २०१४ च्या वाइन अनेक ठिकाणी फार सुंदर उतरल्या. पण 'पिएमोंते २०१४' असा एकच आकडा छापला गेला की बार्बारेस्कोही त्याच खड्ड्यात.

पावसाळी वर्षात काय होतं ते जवळून सांगतो, कारण बाटलीतला फरक तिथे पडतो. नेब्बिओलोचा घड लांब, खांद्यासकट पसरलेला आणि बऱ्यापैकी घट्ट असतो. पाऊस लागून राहिला की आतले मणी फुगून एकमेकांना दाबतात, एखाद्याची साल चिरते आणि तिथे बोट्रायटिस या बुरशीची कूज धरते. बाहेरून घड छान दिसतो. हातात घेऊन मागून बोटाने दाबला की एखादा मणी मऊ लागतो. तो फोडला की आत तपकिरी गर आणि ओल्या भाजीपाल्यासारखा वास. मग विरळणीच्या बारीक कात्रीने तेवढा भाग कापायचा, उरलेला घड पुन्हा नाकाशी धरायचा, वास स्वच्छ असेल तरच क्रेटमध्ये टाकायचा. असं प्रत्येक घडाला. कूज आलेल्या मण्यात लॅकेज नावाचं एन्झाइम असतं, ते रंग आणि सुगंध ऑक्सिडाइझ करतं. नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका, तिची रंगद्रव्यं लवकर ऑक्सिडाइझ होणाऱ्या जातीची. थोडीशी कूजही तिला परवडत नाही. रोजंदारीवर क्रेट मोजून पैसे घेणारी टोळी हे काम करणार नाही. घरची माणसं, शेजारची माणसं आणि वर्षानुवर्षं त्याच ओळींत येणारे तोडणीवाले करतात. कौटुंबिक घराचा खरा फायदा मला इथे दिसतो. त्यांना कोणत्या ओळीच्या कोणत्या टोकाला पाणी साचतं, कुठे धुकं उशिरा उठतं, हे पाठ असतं आणि त्याच क्रमाने ते तोडतात.

आता टाकून देण्याचा मुद्दा. बारोलोच्या नियमावलीत हेक्टरी ८ टनांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास. पावसाळी वर्षात चांगलं घर त्याच्या बरंच खाली जातं. जी द्राक्षं निरोगी पण थोडी पातळ आहेत, ती बारोलो म्हणून न विकता 'लांगे नेब्बिओलो' या खालच्या नावाने विकता येतात. किंमत बरीच कमी मिळते. शिवाय बारोलो कायद्यानेच ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात, आणि रिझर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली बारोलो, असेल तर ६२ महिने. म्हणजे आज खालच्या नावाने सोडलेल्या पिंपाचा तोटा चार वर्षांनी वहीत दिसतो. अशा वेळी आपल्या नावाच्या बारोलोला किती घट्ट धरायचं, हे घरातली माणसंच ठरवतात. वाइन तज्ज्ञांच्या चर्चेत हवामानावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि या निर्णयावर दोन ओळी. मला हे उलट वाटतं.

जाकोमो कोन्तेर्नो या घराचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं आहे. मोन्फोर्ते द'आल्बाचं हे घर पूर्वी द्राक्षं विकत घेऊन वाइन करायचं. १९७४ मध्ये जोव्हान्नी कोन्तेर्नो यांनी सेरालुंगातला फ्रांचा हा सुमारे १४ हेक्टरचा मळा घेतला आणि पुढे त्यांची बारोलो त्यातूनच होऊ लागली. त्यांची सगळ्यात वरची वाइन म्हणजे मोनफोर्तिनो. ती दर वर्षी निघत नाही. आणि कोणत्या वर्षी निघाली हे बघितलं की तक्ते बाजूला ठेवावेसे वाटतात.

२००२ साली उन्हाळाभर पाऊस होता आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बारोलोच्या पट्ट्यात जबर गारपीट झाली. अनेक नामवंत घरांनी त्या वर्षी एका मळ्याच्या नावाची बारोलो बाटलीत भरलीच नाही. तक्त्यांत २००२ आजही तळाला आहे. फ्रांचाचा उतार मात्र त्या गारपिटीतून वाचला होता. जोव्हान्नी थांबले, उशिरा तोडणी केली आणि त्या वर्षीची फ्रांचाची बारोलो वेगळी न काढता सगळा माल मोनफोर्तिनोला दिला. लोकांना वेडेपणा वाटला. मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरून ती बाहेर आली तेव्हा जाणकारांनी तिला त्या घराच्या उत्तम वाइनमध्ये बसवलं. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, युरोपभर उष्णतेची लाट आली. ऊन भरपूर, पाऊस नाही, कूज नाही. मोनफोर्तिनो निघाली नाही. २०१४ च्या पावसाळी वर्षात मात्र, जोव्हान्नींच्या नंतर घर सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलाने, रोबेर्तो यांनी, पुन्हा मोनफोर्तिनो काढली.

यातून 'पाऊस बरा, ऊन वाईट' असा अर्थ काढू नका. सेरालुंगाची कणखर माती, पाण्याचा निचरा, उताराची दिशा आणि उशिरापर्यंत थांबायची हिंमत, हे सगळं एका जागी जुळलं म्हणून २००२ शक्य झालं. शेजारच्या गावात, गारपिटीच्या पट्ट्यात, तीच हिंमत फुकट गेली असती.

बार्तोलो मास्कारेल्लो हे बारोलो गावातलं घर अगदी वेगळ्या वाटेने जातं आणि मला ती वाटही तितकीच पटते. त्यांचे जुने मळे चार: कान्नुबी, सान लोरेन्झो आणि रुए हे तीन मळे बारोलो गावात, आणि रोक्के देल'आन्नुन्झियाता ला मोर्रात. सगळ्या मळ्यांची मिळून एकच बारोलो होते. १९८० च्या दशकापासून एकेका मळ्याच्या नावाने वाइन विकायची मोठी लाट आली, तेव्हाही बार्तोलो यांनी हे सोडलं नाही. २००५ मध्ये ते गेले. त्यांची मुलगी मारिया तेरेझा आजही तेच करते. वर्षाच्या दृष्टीने याचा उपयोग सरळ आहे. एका उतारावर दुष्काळाने मणी सुकले तर दुसऱ्यावरच्या ओलीने सावरतं. एकीकडे साखर पुढे गेली तर दुसरीकडचा आंबटपणा समतोल राखतो. कोणत्याही वर्षाचं टोक त्यात थोडं बोथट होतं आणि घराचा सूर ठळक राहतो. तुमच्या बाटल्यांवर मळ्याचं नाव आहे की नुसतंच 'बारोलो', हे नक्की बघा. नुसतं 'बारोलो' असेल आणि घर चांगलं असेल, तर २०१४ बद्दलची भीती बरीच कमी करायला हरकत नाही.

२०१७ कडे येतो. त्या वर्षी वेली लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या उत्तरार्धात कडाक्याच्या थंडीने सखल भागातली फूट जाळली. नेब्बिओलोत काडीच्या बुडाजवळचे पहिले दोन-तीन डोळे घड देत नाहीत. म्हणून काडी लांब ठेवून छाटतात. त्यामुळे वरची फूट जळाली की त्या वेलीचं पीक जवळपास गेलंच. बारोलोचे चांगले मळे उताराच्या मधल्या उंचीवर आहेत, ते बहुतेक वाचले. पुढे पाऊसच नाही. ऑगस्टमध्ये पारा चढला. पस्तीस अंशांच्या पुढे वेल पानांची रंध्रं मिटून घेते, प्रकाशसंश्लेषण थांबतं, आणि ऊन रणरणत असूनही पिकणं ठप्प होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं उन्हाने द्राक्ष पिकतंय, पण आत फक्त पाणी उडून साखर दाट होत असते. मणी बारीक, साल जाड, रस थोडा. सप्टेंबरच्या सुरुवातीला थोडा पाऊस आला आणि रात्री एकदम थंड झाल्या, म्हणून ते वर्ष २००३ च्या वाटेने गेलं नाही. तोडणी नेहमीपेक्षा दोनेक आठवडे आधी झाली.

अशा वर्षात तोडणीचा दिवस ठरवणं ही सगळ्यात कठीण गोष्ट, आणि ती साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर सुटत नाही. ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेचा, आकडा ऑगस्टअखेरीस पुरेसा दिसतो. म्हणून मळ्यात फिरून मणी खावे लागतात. गर जिभेने बाजूला करायचा, साल दाढेखाली चावत राहायची आणि तुरटपणा कुठे लागतो ते बघायचं. हिरड्यांवर कोरडा, पाल्यासारखा लागला तर अजून कच्चं. जिभेवर मऊ आणि गोडसर उतरला तर पिकत आलंय. मग बी फोडायचं. कच्चं बी हिरवट असतं आणि दाताखाली चिवट दबतं. पिकलेलं पूर्ण तपकिरी, कुरकुरीत, भाजलेल्या शेंगदाण्याच्या चवीचं. २०१७ सारख्या वर्षात साखर म्हणते तोडा, बी म्हणतं थांबा. थांबलात तर अल्कोहोल १५ टक्क्यांवर जातं, आंबटपणा घसरतो आणि मुरंब्याचा वास येतो. घाई केलीत तर टॅनिन कडवट. जुन्या घरांनी इथे जो मधला दिवस निवडला, त्यात त्या वर्षाची वाइन आहे.

वर्षाचा परिणाम तळघरातही चालू राहतो. जुन्या पद्धतीची घरं साली रसात महिना, कधी दीड महिना ठेवतात, वर तरंगणाऱ्या सालींची टोपी रसात बुडवून. टॅनिन पिकलेलं असेल तर हा काळ वाइनला खोली देतो. २०१७ सारख्या जाड सालीच्या वर्षात तोच काळ जपून वापरावा लागतो, नाहीतर तुरटपणा सुटत नाही. २०१४ मध्ये साली पातळ, बी अर्धवट पिकलेलं. तिथे बऱ्याच जणांनी हात आखडता घेतला आणि साली लवकर काढल्या. त्यामुळे २०१४ च्या वाइन सुरुवातीपासून हलक्या, गुलाबाच्या पाकळ्या आणि लाल बोरांच्या सुगंधाच्या, लवकर पिता येणाऱ्या झाल्या. स्लाव्होनियन ओकच्या मोठ्या पिंपांत, ज्यांना तिकडे बोत्ती म्हणतात, ही नाजूक वाइन नीट राहते. छोट्या नव्या बॅरलमध्ये ठेवली असती तर लाकडाच्या चवीखाली दबून गेली असती. १९९० च्या दशकात अनेक घरांनी हे केलं आणि हलक्या वर्षांच्या त्या बाटल्यांत आज लाकूडच उरलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१६ बद्दल थोडंच सांगायचंय, कारण त्या वर्षी माणसाला फारसं काही दुरुस्त करावं लागलं नाही. हंगाम लांब आणि सलग, उन्हाळ्यात टोकाचा उकाडा नाही, सप्टेंबर कोरडा आणि उजळ, रात्री थंड, तोडणी ऑक्टोबरात. टॅनिन भरपूर आणि पूर्ण पिकलेलं, आंबटपणा शाबूत. साध्या घरांच्या वाइनही छान झाल्या. तक्ता इथे बरोबर आहे.

तक्ता कुठे फसतो, याचं आणखी एक उदाहरण सांगितलं पाहिजे. २००० सालच्या पिएमोंतेला 'वाइन स्पेक्टेटर' या अमेरिकी नियतकालिकाने १०० पैकी १०० गुण दिले होते. ते उबदार, उदार वर्ष होतं. वाइन तरुणपणीच गोड गोलाई देत होत्या. त्याच्या अलीकडचं १९९६ आणि पलीकडचं २००१ तेव्हा कडक वाटत होतं. आज या तिन्ही वर्षांच्या जुन्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर बारोलोवर जीव असलेली बहुतेक माणसं १९९६ किंवा २००१ कडे हात नेतील. मीसुद्धा. तक्ता बहुतेक वेळा वाइन बाजारात येते तेव्हाची चव मोजतो, आणि नेब्बिओलोचं त्या वयात मोजमाप करणं मला चुकीचं वाटतं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिथली हवाही बदलली आहे, ते लक्षात घ्या. पूर्वी नेब्बिओलो पूर्ण पिकणं हेच नशिबाचं काम होतं. म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेले, बर्फ आधी वितळणारे उतार सोन्याच्या भावाचे. तिकडच्या बोलीत अशा उताराला सोरी म्हणतात. आता उष्ण वर्षांत हेच उतार भाजून निघतात, आणि पूर्वेकडे तोंड असलेले, दुपारनंतर सावलीत जाणारे किंवा उंचावरचे मळे जास्त ताजी वाइन देतात. मळ्यातली कामंही बदलली. एके काळी ऑगस्टमध्ये घडांभोवतीची पानं काढून त्यांना ऊन दाखवायची पद्धत होती. आता अनेक घरं ती पानं मुद्दाम ठेवतात, छत्रीसारखी. नाहीतर साल करपते. घडांची विरळणीही उष्ण वर्षात कमी करतात, कारण वेलीवर पीक थोडं जास्त असेल तर साखर जरा हळू भरते. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घडनिर्मिती होते, तशी तिथे आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात डोळ्यांत होते. म्हणजे २०१७ च्या घडांची संख्या २०१६ च्या जूनमध्येच बऱ्याच अंशी ठरली होती. लेबलवरच्या वर्षात मागच्या वर्षाचाही हात असतो.

(लेबलवर वर्ष लिहायचं तर युरोपीय नियमाने किमान ८५ टक्के वाइन त्या वर्षाची हवी. उरलेल्या १५ टक्क्यांची सवलत कोणी कशी वापरतं, ते बाटलीवर कळत नाही. आणि इटलीत फर्मेंटेशनमध्ये साखर घालायला बंदी आहे, त्यामुळे थंड वर्षाचा हलकेपणा साखरेने भरून काढता येत नाही.)

आता तुमच्या बाटल्या. २०१४ आधी उघडा. ती आता पिण्याच्या वयात आहे. जेवणाच्या तासभर आधी उघडून ठेवा, डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, जोरात ओतू नका. तिचा सुगंध नाजूक आहे, तो ग्लासमध्येच फुलू दे. जेवण फार तिखट नको. मटणाचा पांढरा रस्सा, तुपात परतलेली अळंबी, मुरलेलं चीज, यांच्याशी ती छान जाते. तांबड्या रश्श्यापुढे कोणतीच बारोलो टिकत नाही, तिखटाने तिचं टॅनिन आणखी बोचतं.

२०१७ त्यानंतर, दोन-तीन तास डिकँटरमध्ये ठेवून. तिला दमदार जेवण चालेल. ती बाटली थोडी जास्त गार करून वाढा, सोळा अंशांच्या आसपास, म्हणजे अल्कोहोल नाकात चढणार नाही.

२०१६ ठेवून द्या. चांगल्या घराची असेल तर अजून आठ-दहा वर्षं सहज, त्याहूनही जास्त. पण ठेवायची म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटात नव्हे. एका मे महिन्याच्या उकाड्यात बूच सैल होतं, वाइन बाहेर झिरपते आणि आतली शिजून जाते. वाइनचा फ्रिज असेल तर तेरा-चौदा अंशांवर आडवी ठेवा. तो नसेल आणि घेणार नसाल, तर २०१६ सुद्धा याच हिवाळ्यात उघडा, सकाळी डिकँटरमध्ये ओतून रात्री प्या.

पुढच्या वेळी बहीण त्या घराकडे गेली तर त्यांना एक विचारायला सांगा: २०१४ ला तुम्ही किती माल लांगे नेब्बिओलोला सोडला? आणि तिथे २०१४ ची लांगे नेब्बिओलो शिल्लक असेल तर तीही एक घेऊन यायला सांगा. असा माल हात सैल सोडून खालच्या नावाला देणाऱ्या घरात त्या बाटलीत बारोलोच्या मळ्यांची द्राक्षं असतात.